मोडेम येणारी बाई

आमच्या महामंडळात एक नियम होता. तो कुठल्याही परिपत्रकात छापलेला नव्हता, तरी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तो इमानेइतबारे पाळायचे. जे काम ज्याला येतं ते त्याच्या गळ्यात पडतं, आणि दुसऱ्या कुणाला ते येत नसेल तर त्या माणसाची बदली होत नाही. त्यामुळे नवीन काही आलं की लोक ते शिकायचे नाहीत. त्यांना आळशी म्हणू नका. चांगली हुशार माणसं होती ती, फक्त सगळी हुशारी न शिकण्यात खर्च करायची.

मी नोकरीत नवी होते आणि हा नियम मला कुणी सांगितला नाही. सांगितला असता तरी मी ऐकला नसता. जळगावात कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते, घरात सरकारी खुर्चीवर बसणारी पहिली मुलगी होते, आणि आपल्याला काय काय येतं ते दाखवायची मला भारी हौस होती.

महामंडळाचं नाव घेत नाही, घेऊन काही फरकही पडणार नाही. शिंदखेड्याला आमचं बियाणं-खताचं गोदाम होतं आणि गोदामाला चिकटून दोन खोल्यांचं ऑफिस. आत साहेब, एक वरिष्ठ लिपिक, मी, आणि झाडलोट करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या अक्का. वरिष्ठ लिपिकांना सगळे नाना म्हणत. नाना धुळ्याहून एसटीने अप-डाउन करायचे, निवृत्तीला आले होते, आणि ऑफिसात येऊन पहिलं काम म्हणजे खुर्चीच्या पाठीवर रुमाल वाळत घालायचे.

एके दिवशी जळगावच्या विभागीय कार्यालयातून एक खोकं आलं. त्यात मोडेम होता. आजच्या मुलांसाठी सांगते, टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरची माहिती दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवणारा हा डबा. पुढच्या बाजूला लाल दिव्यांची रांग, मागे दोन वायरी, आणि नंबर लागताना शेपटीवर पाय पडलेलं मांजर ओरडतं तसा आवाज. आता गोदामात माल किती आला, किती गेला, किती उरला, हे रोज संध्याकाळी पाचच्या आत या डब्यातून जळगावला पाठवायचं होतं.

खोकं उघडलं तशी खोली रिकामी होऊ लागली. नानांना एकदम चष्मा विसरल्याचं आठवलं. साहेबांचा फोन वाजला नव्हता तरी ते फोन घ्यायला आत गेले. मी मात्र पुढे सरसावले, प्लग लावला, वायर खुपसली, आणि जळगावच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलेली इंग्रजी अक्षरांची ओळ टाइप करून डबा सुरू केला. दिवे लागले. नानांनी दारातून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं कौतुकाच्या आहेत.

त्या दिवसापासून मोडेम माझा झाला.

तो डबा स्वभावाने विसराळू होता. वीज गेली की सगळं विसरायचा, आणि शिंदखेड्यात वीज जायचीच. मग इंजिनिअरने सांगितलेली ती ओळ पुन्हा टाइप करायची, तेव्हा कुठे तो नंबर लावायला तयार व्हायचा. तेही चाललं असतं. खरा ताप वेगळाच होता. अधूनमधून माहिती निम्मी जायची आणि मध्येच अडकून पडायची. तुटायची नाही, चुकलं असंही सांगायची नाही. दिवे लागलेले, लाइन चालू, आणि पलीकडे काही जात नाही. कॉम्प्युटर बंद केला तरी मोडेम फोनची तार सोडत नसे. शेवटी त्याचा प्लगच उपटायचा. प्लग उपटला की तो सगळं विसरायचा. की पुन्हा ती ओळ, पुन्हा नंबर, पुन्हा मांजर.

साहेब म्हणायचे एक्स्चेंजचा दोष आहे. एक्स्चेंजवाले म्हणायचे तुमच्या डब्याचा दोष आहे. जळगावचा इंजिनिअर म्हणायचा, "मॅडम, तुम्ही परत एकदा ट्राय करा ना." दसऱ्याला साहेबांनी मोडेमला हार घातला, त्याचीही त्याने लाज बाळगली नाही.

मला रजा मिळणं बंद झालं. "तुम्ही गेलात तर माहिती कोण पाठवणार?" हा प्रश्न साहेब इतक्या प्रेमाने विचारायचे की आपला सत्कारच चालला आहे असं वाटावं. डोकं दुखत असलं तरी ये, ताप असला तरी पाचपुरती ये. माझ्यासारख्या कामाच्या बाईशिवाय ऑफिस चालत नाही हे ऐकून पहिले काही महिने मी फुलून जायची, हे नाकारत नाही. पुढे मात्र ते ऐकलं की माझी नजर कॅलेंडरवरच्या शनिवारकडे जायला लागली.

कारण माझी मुलगी नशिराबादला होती. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, मी इथे भाड्याच्या खोलीत, आणि मुलगी माझ्या माहेरी, माझ्या आईजवळ आणि वहिनीजवळ. तिला शिंदखेड्याला आणून ठेवायची सोय नव्हती; दिवसभर सांभाळणार कोण? दर शनिवारी संध्याकाळची पॅसेंजर पकडायची, जळगावला उतरून रिक्षाने नशिराबाद गाठायचं, सोमवारी पहाटे परत. वहिनी तिला न्हाऊमाखू घालायची, भरवायची, झोपवायची, म्हणून ती वहिनीला आई म्हणायला लागली. त्यात तिची काही चूक नव्हती. मला ती म्हणायची "शिंदखेडावाली आई". घरातले सगळे हसायचे. मीही हसायची, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुवायची.

एका शनिवारी माहिती अडकली. प्लग उपटला, परत लावला, परत अडकली. साहेब मला सोडेनात, कारण आकडे गेले नाहीत तर त्यांना जळगावहून फोन येणार. स्टेशनवरून गाडीची शिटी ऑफिसात ऐकू आली आणि मी त्या लाल दिव्यांकडे बघत बसले होते. रविवारी दुपारी घरी पोचले. आई म्हणाली, "काय व माय, कुठे होती? पोरगी काल फ्रॉक घालून ओट्यावर बसली होती. तिथेच झोपली." मुलगी माझ्याकडे आली नाही. वहिनीच्या पदराआडून बघत राहिली. मी पिशवीतून शेवेचं पुडकं काढलं तर ते घेतलं आणि परत पदराआड गेली.

मी बदलीचा अर्ज टाकला. जळगावच्या विभागीय कार्यालयात एक जागा रिकामी होती, आणि कुणाचा वशिला नसताना माझी ऑर्डर आली. मी ती दोनदा वाचून पर्समध्ये ठेवायला लागले, तेवढ्यात साहेबांनी हात पुढे केला.

"ऑर्डर आली म्हणजे गेलात असं नसतं मॅडम. इथून सोडलं पाहिजे ना."

आणि त्यांनी तिच्यावर हिरव्या शाईने लिहिलं: पर्यायी व्यवस्था झाल्यावर कार्यमुक्त करण्यात येईल.

ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. बदली झालेली आहे आणि तुम्ही जागचे हललेले नाही. बरं, जळगावची जागा काही माझ्यासाठी पदर पसरून बसलेली नव्हती. चोपड्याचे एक गृहस्थ तिच्यासाठी फेऱ्या मारत होते आणि त्यांची ओळख वरपर्यंत होती. महिनाअखेरपर्यंत मी रुजू झाले नाही तर जागा त्यांची, असं विभागीय कार्यालयातल्या एका ओळखीच्या बाईंनी मला फोन करून सांगितलं. ती गेली की पुढची कधी रिकामी होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर मुलगी शाळेत जाऊ लागली असती, वहिनीचं बोट धरून.

मी साहेबांना विचारलं, "पर्यायी व्यवस्था म्हणजे काय करू?"

"दुसरं कुणीतरी माहिती पाठवून दाखवा. आठवडाभर, तुमचा हात न लागता. लगेच सोडतो."

दुसरं कुणीतरी म्हणजे नाना. मी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं, चहा मागवला. नानांनी चहा घेतला. स्टुलावर बसले नाहीत.

"ताई, खरं सांगू का? तुम्ही मुलीसारख्या म्हणून बोलतो. मी या खात्यात उभी हयात काढली, आणि एका गोष्टीने तरलो. मला काही येत नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "आज मी हे शिकलो तर निवृत्त झाल्यावरही धुळ्याला घरी जीप पाठवतील. नाना, जरा येऊन जा, डबा अडकलाय. माझी बायको मला आणि जीपवाल्याला दोघांना जेवायला वाढणार नाही."

मला रागही आला आणि हसूही. त्यांचं काही चूक नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही स्टुलावर बसले नसते.

मग माझ्या डोक्यात आलं की माणूस तयार होत नाही तर यंत्र तयार करावं. याला इतकं शहाणं करावं की त्याला मोडेम येणारी बाई लागूच नये. आजवर मी फक्त गाडं ओढलं होतं. परत लाव, परत पाठव. ते का अडकतं हे बघायला मी कधी बसलेच नव्हते, कारण रोज पाच वाजायचे.

ज्या दिवशी माहिती अडकली त्या दिवशीची फाइल मी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच परत पाठवली. परत अडकली, आणि गंमत म्हणजे त्याच जागी अडकली. परत पाठवली, परत तिथेच. म्हणजे एक्स्चेंज निर्दोष, पाऊस निर्दोष, दसऱ्याचा हारही निर्दोष. फाइलमध्येच काहीतरी होतं. मी फाइलचे दोन तुकडे केले. एक सुखरूप गेला, एक अडकला. अडकलेल्याचे परत दोन. असं करत करत शेवटी एक छोटासा तुकडा हाती आला आणि मला माझ्या कोर्सचे सर आठवले, फळ्यावर दोन चौकोन काढून त्यांच्यात बाण मारणारे.

आमच्या गोदामात हमाल ट्रक भरायचे तेव्हा एक खालून पोती द्यायचा, एक वर रचायचा. वरच्याचे हात भरले की तो ओरडायचा, "थांब." खालचा थांबायचा. जागा झाली की वरचा म्हणायचा, "चाल." कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातही नेमकं हेच चालतं, कारण एक भरभर देतो आणि दुसऱ्याला फोनच्या तारेतून हळूहळू पुढे सरकवावं लागतं. हे थांब-चाल सांगायचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे ज्या तारेतून माहिती जाते त्याच तारेतून एक ठरलेलं चिन्ह पाठवायचं. दुसरा म्हणजे त्यासाठी वेगळी तार ठेवायची, आणि तिच्यातून फक्त इशारा जायचा.

आमच्याकडे पहिला रस्ता लावलेला होता. आणि आमची फाइल दाबून लहान केलेली असायची, तिच्यात कुठलीही चिन्हं कशीही यायची. एखाद्या दिवशी गोदामातल्या आकड्यांतूनच ते "थांब"चं चिन्ह तयार व्हायचं. मोडेमला वाटायचं आपल्याला थांबायला सांगितलं. तो थांबायचा. "चाल" म्हणणारं कुणी नव्हतं, कारण मुळात थांब कुणी म्हटलंच नव्हतं. आमचे हमाल असे फसले असते तर दोन मिनिटांत एकमेकांना शिव्या देऊन मोकळे झाले असते. हे दोघे मात्र संध्याकाळपर्यंत एकमेकांची वाट बघत बसायचे, आणि त्यांच्यासोबत मी.

हे कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. माझी पोर ओट्यावर फ्रॉक घालून झोपली ती कुणीही न म्हटलेल्या एका "थांब"पायी. मी टेबलावर हात आपटला. आतून साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माशी."

मग दुसरा रस्ता लावायला काय हरकत होती? मी मोडेमला तशी आज्ञा दिली, तर तो अजिबातच चालेना. एक हरफ पुढे जाईना. मी मागची जाड वायर काढली, साहेबांच्या टेबलातला स्क्रू ड्रायव्हर आणला आणि तिचं टोक उघडलं. आत बाकीच्या जागा मोकळ्या आणि फक्त तीन तारा सोल्डरचे डाग देऊन जोडलेल्या. एक जायची, एक यायची, एक अर्थिंगची. इशाऱ्याची तारच नव्हती. कॉम्प्युटर बंद झाल्याचं सांगणारी तार नव्हती, म्हणूनच तो फोन सोडत नव्हता. ज्याने कुणी ही वायर बनवली त्याने तीन तारांत भागतं म्हणून तीनच लावल्या, आणि इंजिनिअरने त्या तीन तारांवर चालेल अशी ओळ मला सांगितली. सगळ्यांचं भागलं होतं.

पुढच्या रविवारी मी नशिराबादला गेले नाही. तेवढं एकच काम मला मुलीच्या भेटीपेक्षा मोठं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल मी रस्ताभर एसटीच्या खिडकीत स्वतःला बोल लावत राहिले. धुळ्यात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एकजण रविवारीही दुकान उघडं ठेवायचा. मी कागदावर काढून दिलं, कुठली तार कुठे. तो म्हणाला, "इतक्या कशाला बाई? तीनमध्ये चालतं." मी म्हटलं, "चालतं म्हणूनच आलेय." तो पुटपुटत बसला, पण डाग छान दिले.

सोमवारी वायर लावली. मोडेमला नवीन आज्ञा दिल्या: थांब-चालचा इशारा वेगळ्या तारेतून घे, समोरच्याची लाइन खरोखर लागली असेल तरच लागली म्हण, कॉम्प्युटरने हात काढला की फोन सोड. आणि शेवटी एक आज्ञा, जी इंजिनिअरने कधी सांगितली नव्हती आणि मी कधी विचारली नव्हती: हे सगळं लक्षात ठेव. दोन अक्षरांची आज्ञा. ती एकदा दिली की वीज गेली तरी तो विसरत नाही. मी उठून मेन स्विच पाडला. पंखा थांबला, साहेब ओरडले. स्विच वर केला, मोडेमला विचारलं, आणि त्याने सगळं पाठ म्हणून दाखवलं.

अडकणारी ती जुनी फाइल पाठवली. सरसर गेली. शेवटचा दिवा विझला, फोन आपणहून सुटला आणि खोलीत कसलाच आवाज राहिला नाही. मला आयुष्यात इतकं शहाणं कधी वाटलं नव्हतं. सांगून कळेल असं मात्र तिथे कुणी नव्हतं.

पुढे मी सगळं एका बटणावर आणून ठेवलं. कॉम्प्युटर सुरू करायचा, पाच वाजता एक बटण दाबायचं, हिरवं अक्षर दिसलं की बंद करायचा. नानांना दाखवलं. नाना लांबूनच म्हणाले, "सुंदर." आणि एकदाही पुढे आले नाहीत. "बटण दाबणाऱ्यालाच विचारतात ताई, कुणी दाबलं म्हणून."

महिनाअखेर जवळ आली होती. मी ऑफिसच्या पायरीवर बसून रडत होते. लपवून वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. अक्का हंडा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या. त्यांचं घर गोदामामागेच होतं आणि त्या रोजंदारीवर होत्या.

"काय व्हयनं ताई?"

मी सांगितलं. त्यांना मोडेम वगैरे काही माहीत नव्हतं, पण कुणी बटण दाबायला तयार नाही हे नीट कळलं.

"मंग मी दाबसू. कोनतं बटन शे?"

"अक्का, तुमच्या गळ्यात पडेल ते. मग तुम्हाला सुटायचं नाही."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "माले सुटीसन कोठे जानं शे? मना घर आठेच शे. गळामा पडू द्या ना. मंग माले काढाऊत नहीत."

ज्या दोरीने माझा गळा आवळला होता तीच, कामावरून कुणी काढू नये म्हणून, त्यांना हवी होती. बाकी सगळ्या ऑफिसला इथून जायचं होतं. अक्कांना फक्त राहायचं होतं.

अक्का एका दिवसात शिकल्या. पहिल्यांदा बटण दाबताना त्यांनी पदराला हात पुसला. दिवे लुकलुकायला लागले तशा म्हणाल्या, "हाई बठ्ठं जयगावले जास?" मी म्हटलं, हो, सगळं जळगावला. हिरवं अक्षर आलं. "गये?" मी म्हटलं, गेलं. आठवडाभर मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि माहिती रोज गेली.

साहेब म्हणाले, "मॅडम, रोजंदारीवरची बाई पर्यायी व्यवस्था म्हणून कशी दाखवू? वर काय लिहू?" हे ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तेव्हा नाना उठले. खुर्चीवरचा रुमाल घडी करून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "माझं नाव घाला साहेब. मोडेमचं काम वरिष्ठ लिपिक पाहतील. हात अक्कांचा, नाव माझं." साहेबांना कागदाशी मतलब. त्यांनी सही केली. मी नानांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. "पाया पडू नका, कुणाला वाटेल मला येतं म्हणून."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी जळगावला रुजू झाले.

तिथल्या साहेबांनी कागद बघितले. भला माणूस होता. म्हणाले, "तुमच्या शिंदखेड्याची लाइन हल्ली एकदम छान चालते. नानांनी बसवलं म्हणे. तुम्ही तिथेच होता, तुम्हालाही येत असेल ना? इथे सगळ्या केंद्रांच्या लाइनी येतात आणि रोज कुणाची ना कुणाची अडकते. एक माणूस शेवटची माहिती येईपर्यंत थांबायला हवाच आहे मला."

त्यांच्या मागच्या टेबलावर मोडेम ओळीने मांडले होते. एकाचे दिवे नुसतेच लागलेले होते. उभ्या जागेवरून मला दिसत होतं त्याला काय झालंय. तीन तारांची वायर, आणि कुणीच न म्हटलेलं "थांब". पाच मिनिटांचं काम. माझे हात शिवशिवत होते, खरंच सांगते, भुकेलेल्या माणसाला वास यावा तसे.

"नाही साहेब," मी म्हटलं. "ते नानाच बघायचे. मला त्यातलं काही कळत नाही."

त्यांना वाईट वाटलं. मला आवक-जावकचं टेबल दिलं. त्या कार्यालयात मी निवृत्त होईपर्यंत होते, आणि सुरुवातीची काही वर्षं ते मोडेम माझ्या पाठीमागे अडकायचे, इंजिनिअर यायचा, घाम पुसायचा, प्लग उपटायचा. मी पाकिटांवर शिक्के मारत राहायची आणि साडेपाचला पर्स उचलून रिक्षा स्टँडवर जायची. सहाला मुलगी ओट्यावर असायची. काही दिवसांतच तिने शिंदखेडावाली हा शब्द टाकून दिला. मी जे दिलं त्याच्या मोबदल्यात मला हे मिळालं, आणि कुणी विचारलं तर मी आजही तोच सौदा करेन. पण सौदा होता, फुकट काही नव्हतं. येत असलेली गोष्ट येत नाही म्हणत राहिलं की ती खरोखर हातातून जाते, आणि जाताना दुखतं.

मुलगी आता पुण्यात कॉम्प्युटरमध्येच नोकरी करते. या दिवाळीला घरी आली तेव्हा घरातलं इंटरनेट वरचेवर बंद पडत होतं. ती जमिनीवर मांडी घालून त्या डब्यापुढे बसली, मांडीवर लॅपटॉप, कपाळावर आठ्या. डब्याचे दिवे लागलेले होते आणि काही जात नव्हतं. मी चहा घेऊन तिच्या शेजारी बसले. तिने स्क्रीनवर एक यादी उघडली होती. शब्द नवे होते, पण मला ती यादी वाचता आली. मी बोट पुढे केलं, इथे बघ म्हणायला.

"आई, हात नको लावूस हं," ती मायेने म्हणाली, माझं बोट धरून. "तुला नाही कळायचं त्यातलं."

मी बरं म्हटलं आणि चहाची बशी तिच्याकडे सरकवली.